आमची वाटचाल : चिपळूणच्या उजेडात रंग निवडताना

घरं रंगवण्याचं काम आमच्याकडे वडिलांपासून आलं. त्यांना सगळे आबा म्हणायचे. ऐंशीच्या दशकात त्यांनी चिपळूण आणि आसपासच्या गावांत कामं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा बहुतेक कामं चुन्याचीच असायची. चुनकळी पिंपात भिजत घालायची, थंड झाली की गाळून घ्यायची, पकड यावी म्हणून डिंक आणि पांढरेपणा खुलावा म्हणून थोडी नीळ. रंगीत भिंत हवी असेल तर पिवडी नाहीतर गेरू. निवडायला रंगच मोजके, त्यामुळे घरात वाद नव्हते.

पुढे डिस्टेंपर (पाण्यात कालवायचा स्वस्त रंग) आला, मग इमल्शन, म्हणजे प्लास्टिक पेंट. आबा पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये स्टेनर (रंगाचा दाट अर्क) टाकून नजरेनं रंग जुळवायचे. एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी कालवायचा हा त्यांचा नियम होता, कारण दुसऱ्या बादलीत अगदी तोच रंग उतरणं कठीण. आज मशीनवर रंग मिळतो तरी हा नियम आम्ही सोडलेला नाही. खोलीला लागेल तेवढा रंग एकदम काढतो आणि पुढच्या डागडुजीसाठी एक लिटर जास्तीचा घरमालकाकडे ठेवतो.

आबांच्या हाताखाली शिकून मी धंदा पुढे नेला. दुकान घातलं, नंतर हवी ती शेड मिसळून देणारं टिंटिंग मशीन घेतलं. हजारो शेड मिळू लागल्या आणि लोक गोंधळू लागले. शेड कार्डावरचा चौकोन टिकलीएवढा. तोच रंग चार भिंतींवर चढला की भिंती एकमेकींवर उजेड फेकतात आणि रंग कार्डापेक्षा गडद, भडक वाटतो. शिवाय दुकानात पांढऱ्या ट्यूबलाइटचा उजेड, घरात वेगळाच. म्हणून दुकानात रंग नक्की करायचा नाही, असं मी आणि माझ्या बायकोनं ठरवलं. आमच्या धंद्याला खरं वळण त्या निर्णयानं लागलं, असं मी मानतो.

तेव्हापासून आम्ही दोन फूट बाय दोन फुटांच्या हार्डबोर्डवर निवडलेल्या शेडचे दोन हात (थर) मारतो, पूर्ण वाळू देतो (इमल्शन वाळल्यावर थोडं गडद होतं) आणि ते बोर्ड गिऱ्हाइकाच्या घरी दोन-तीन दिवस ठेवतो. बायको सांगते, ‘‘काकू, लगेच काही ठरवू नका. सकाळी खिडकीजवळ बघा, संध्याकाळी कपाटाशेजारच्या कोपऱ्यात बघा, रात्री दिवा लावून बघा.’’ पिवळसर एलईडीखाली निळा रंग राखाडीकडे झुकतो, पांढऱ्या एलईडीखाली मोतिया फिका आणि निस्तेज दिसतो. ज्या खोलीत रात्रीच जास्त बसणं-उठणं असतं, तिचा रंग रात्रीच्या उजेडात ठरवावा.

कोकणातल्या घरांचा उजेड वेगळा आहे, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. छपराचा उतार खाली आलेला, पुढे पडवी, भोवती आंबा-फणस. खोलीत येणारा उजेड पानांवरून हिरवट होऊन येतो. अशा खोलीत थंड राखाडी रंग शेवाळी दिसतो आणि फिकट गुलाबी मळकट. तिथे मोतिया, बदामी, फिकट आंबा असे उबदार रंग उजळतात. जमीन लाल कोब्याची असेल तर भिंतीच्या खालच्या भागावर तांबूस छटा येते, त्यामुळे शुभ्र पांढरा तिथे शुभ्र राहत नाही. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतर ऊन आत येतं. तिथे फिकट हिरवा किंवा आकाशी डोळ्यांना निववतो. छत मात्र शक्यतो पांढरंच ठेवा, खोलीतला बराच उजेड तेच परत देतं.

मुंबईचे चाकरमानी मोबाइलवर फोटो घेऊन येतात. बाराव्या मजल्यावरच्या मोठ्या खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये शोभलेला राखाडी त्यांना गावच्या माजघरात हवा असतो. मोबाइलचा पडदा आतून उजळलेला असतो, भिंत मात्र तिच्यावर पडलेला उजेडच परत देते. हे तोंडी सांगून पटत नाही. बोर्ड माजघरात टेकवला की लगेच पटतं.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं. बाजारपेठेतले तळमजले बुडाले. ओसरल्यावर चिखल काढून होतो न होतो तोच लोक रंगाची चौकशी करू लागले, कारण गणपती सप्टेंबरमध्ये होते. घर पुन्हा घरासारखं दिसावं ही त्यांची ओढ मला कळत होती, कारण आमचीही तीच होती. पण ओल्या भिंतीवर इमल्शन चढवलं तर आतली वाफ बाहेर पडत नाही, फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. आम्ही पाण्याच्या खुणेच्या वरपर्यंत पुट्टी खरवडली आणि भिंती उघड्या सोडल्या. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार, आला तो कोरड्या ब्रशनं झाडला. पाण्यानं धुतला तर क्षार पुन्हा आत जातात. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर लावायचा, दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर थांबायचं. ज्यांना गणपतीसाठी काहीतरी हवंच होतं, त्यांना आम्ही चुना मारून दिला. चुन्यातून भिंत श्वास घेते. आबांनी शिकवलेली चुन्याची निवळी त्या वर्षी किती घरांत उपयोगी पडली! पक्का रंग आम्ही नंतरच्या उन्हाळ्यात दिला.

म्हाताऱ्या माणसांच्या खोलीबद्दल मी थोडा हट्टी आहे. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, निळ्या-हिरव्या छटांतला फरक कळेनासा होतो. सगळं काही पांढऱ्यावर पांढरं केलं की आजीला रात्री दाराची चौकट दिसत नाही, बटण चाचपडावं लागतं. म्हणून चौकट भिंतीपेक्षा ठळक गडद ठेवायची, बाथरूमचं दारही. भिंत मॅट फिनिशची, म्हणजे दिव्याची चकाकी डोळ्यांवर येत नाही आणि जुन्या गिलाव्याचे उंचवटेही झाकले जातात.

जुनी दारं-खिडक्या रंगवताना आणखी एक काळजी घेतो. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नसावं हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटच्या थरांत शिसं असू शकतं. असे थर आमचे कारागीर कोरडे घासत नाहीत, पाणी लावून पॉलिश पेपर मारतात. काम चालू असताना लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत, हे आधीच सांगून ठेवतो.

रंगवलेल्या प्रत्येक घराची नोंद आमच्या वहीत असते: खोली, शेडचा नंबर, फिनिश, महिना. ही वही आता मुलगी सांभाळते. तिनं त्यात खिडकीची दिशा आणि दिव्याचा प्रकार असे दोन रकाने वाढवले आहेत.

गणपतीपूर्वी घर रंगवायचं असेल तर होळीच्या सुमारास कळवा. बोर्ड एप्रिलमध्ये घरी येतील. बाहेरच्या भिंती मे संपण्याआधी उरकायला हव्यात, आतलं काम पाऊस चालू असतानाही होतं, फक्त दोन हातांमध्ये वाळायला जास्त वेळ द्यावा लागतो.