लाल पिन हिरव्या भोकात: कॅमेरा टीव्हीला जोडण्याचा माझा अनुभव

आवरताना कपाटातून जुना छोटा डिजिटल कॅमेरा निघाला, चार्ज केला तर चक्क चालू झाला आणि आतलं कार्ड फोटोंनी भरलेलं. मागच्या अडीच इंची स्क्रीनवर आईला काही दिसेना, चष्मा वर खाली करून झाला आणि मग म्हणाली टीव्हीवर लाव ना. मी म्हटलं लावते की, दोन मिनिटांचं काम आहे. दोन तास गेले.

पहिली भानगड केबलची. कॅमेऱ्याच्या बाजूला एक गोल भोक आहे, हेडफोनचं असतं तसं, एव्ही आऊट (म्हणजे चित्र आणि आवाज बाहेर द्यायचं) लिहिलेलं. मूळ केबल कधीच हरवलीये, पण दादाच्या जुन्या हॅन्डीकॅमची केबल ड्रॉवरमध्ये होती, एका टोकाला अगदी तशीच पिन आणि दुसऱ्या टोकाला पिवळी, पांढरी, लाल. बसली पण फिट्ट. मग टीव्हीच्या मागे वाकून बघते तर पिवळं भोकच नाही! हिरवं, निळं, लाल, आणि शेजारी परत पांढरं, लाल. म्हणजे लाल दोन. खूप वेळ मोबाईलचा टॉर्च मारून बघितल्यावर दिसलं की हिरव्या भोकाभोवती अर्धी रिंग पिवळी आहे आणि बारीक अक्षरात व्हिडिओ लिहिलंय. जागा वाचवायला काही टीव्हींत साधं एव्ही (अख्खं चित्र एकाच पिवळ्या पिनेतून) आणि कंपोनंट (चित्र हिरव्या, निळ्या, लाल अशा तीन पिनांतून) ही दोन्ही कामं एकाच भोकात घालतात, म्हणजे साध्या एव्हीसाठी पिवळी पिन हिरव्यात घालायची आणि आवाजाच्या पिना त्या शेजारच्या पांढऱ्या लालमध्ये, निळ्याजवळचं लाल मोकळंच सोडायचं.

जोडलं, कॅमेरा प्लेबॅकला ठेवून चालू केला, आणि कॅमेऱ्याची स्क्रीनच गेली. मला वाटलं गेला कॅमेरा, जुना होता, मीच मारला. केबल काढली तर परत जिवंत. नंतर कळलं की केबल लागली की कॅमेरा चित्र बाहेर पाठवतो आणि स्वतःची स्क्रीन बंद करतो, म्हणजे उलट चांगली खूण आहे ही. पण टीव्ही काळाच, आणि स्पीकरमधून घर्रर्र असा मोठा आवाज, आई आतून ओरडली काय पेटवलंस का.

आणि खरं सांगायचं तर त्या घर्रर्रनेच मला वाचवलं. फोटो दाखवताना कॅमेरा कशाला आवाज करेल? म्हणजे चित्राचा सिग्नल आवाजाच्या भोकात जातोय. केबलच्या कॅमेऱ्यात जाणाऱ्या पिनेवर तीन काळ्या रिंगा असतात, त्यामुळे चार भाग पडतात, आणि कुठल्या भागावर चित्र आणि कुठल्यावर आवाज हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. दिसायला सगळ्या केबली सारख्या, आतली जोडणी वेगळी. म्हणून मग एकेक पिन हिरव्या भोकात घालून बघितली आणि लाल घातल्यावर चित्र आलं! पिवळी गेली आवाजाच्या लाल भोकात. म्हणजे लाल पिन हिरव्यात आणि पिवळी पिन लालमध्ये. नवीन केबल घ्यायच्या आधी हे नक्की करून बघा, यात बिघडत काही नाही.

चित्र आलं पण ब्लॅक अँड व्हाईट. मी कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन एनटीएससी, पाल (टीव्हीला चित्र पाठवायच्या दोन पद्धती) असं आलटून पालटून करत बसले, काही फरक नाही. शेवटी रिमोटवर सोर्स दाबलं तर टीव्ही कंपोनंटवर होता, एव्हीवर नव्हता. कंपोनंटमध्ये हिरव्या भोकातून टीव्ही फक्त उजेड अंधार घेतो, रंगासाठी निळ्या आणि लालकडे बघतो आणि तिथे तर काहीच लावलेलं नाही. एव्ही केलं, रंग आले. मेनूतली ती सेटिंग पण उगाच नाहीये हं, आत्याकडच्या जुन्या डब्बा टीव्हीला तोच कॅमेरा लावला तेव्हा चित्र काळं-पांढरं आणि वर वर पळत होतं. कॅमेरा एनटीएससीवर, सेकंदाला 60 वेळा चित्र पाठवणार आणि तो टीव्ही पालचा, 50 वाला. केबल काढून मेनूत पाल केलं, लगेच थांबलं.

आता आमच्या टीव्हीवर सगळे जण जाडे दिसत होते. फोटो 4:3 आणि टीव्ही 16:9, ताणून बसवलेला. पिक्चर साईझ 4:3 केलं, बाजूला काळे पट्टे आले पण माणसं माणसांसारखी दिसायला लागली.

तरी फोटो धुरकट. कॅमेरा 12 मेगापिक्सेलचा असला तरी या केबलमधून पालमध्ये जास्तीत जास्त 720 गुणिले 576, म्हणजे चार लाखांच्या आसपास ठिपके जातात, आणि फुल एचडी टीव्हीला वीस लाखांच्या वर लागतात. मग कॅमेरा यूएसबी केबलने थेट टीव्हीला लावून बघितला, टीव्हीला पत्ताच नाही, कारण हा कॅमेरा यूएसबीवर पेनड्राईव्हसारखा वागत नाही, फोटो द्यायची त्याची पद्धत वेगळी. शेवटी कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घातलं आणि तो टीव्हीच्या यूएसबीत. डीसीआयएम फोल्डर (कॅमेरा फोटो ठेवतो तो) उघडला आणि काय सांगू, आईच्या साडीचे काठ सुद्धा दिसले. फक्त उभे फोटो आडवे पडलेले, रिमोटने फिरवत बसावं लागलं.

पण व्हिडिओ मात्र तिथे एकही चालेना, फॉरमॅट सपोर्ट नाही म्हणे. जुन्या कॅमेऱ्यांचे मोशन जेपेग नावाच्या फॉरमॅटमधले व्हिडिओ सगळ्या टीव्हींना वाचता येत नाहीत, कॅमेरा स्वतःचे व्हिडिओ बिनतक्रार वाजवतो. म्हणून आता फोटोला कार्ड आणि व्हिडिओला केबल, असं दोन्ही ठेवलंय. ज्यांच्या कॅमेऱ्याला छोटं एचडीएमआय आहे त्यांनी यातलं काही करू नका, भोक मिनी आकाराचं आहे की मायक्रो तेवढं बघून केबल घ्या.

परत विसरायला नको म्हणून पिनांना चिकटपट्टी लावून पेनाने लिहून ठेवलंय, लालवर चित्र, पिवळीवर आवाज. दादा आला, बघितलं आणि म्हणाला, अगं हे उलटं लिहिलंयस.