दारावर मालकाची पाटी आणि मी 'आढळून आलो नाही'

साताऱ्याच्या मतदार यादीतलं माझं नाव पुण्याच्या यादीत यायला तीन महिने गेले. त्यातले बहुतेक दिवस एकाच ओळीने खाल्ले: 'अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून आला नाही.' ही ओळ मी मोबाईलवर वाचली तेव्हा त्याच पत्त्यावर, पंख्याखाली चहा पीत बसलो होतो.

नाव हलवायचं ठरलं ते 7 मे 2024 ला. लोकसभेचं मतदान करायला सकाळच्या एसटीने साताऱ्याला गेलो. ऑफिसची सुट्टी 13 मेची, म्हणजे पुण्याच्या मतदानाची. माझं मतदान आधीच्या टप्प्यात. एचआर म्हणे रजा टाका. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 135ब त्यांना मेल केलं. नोकरी दुसऱ्या मतदारसंघात असली तरी आपल्या मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी मिळते, हे त्यांना माहीतच नव्हतं. मालकाने नाही दिली तर दंड किती, तर पाचशे रुपयांपर्यंत! असो, सुट्टी मिळाली. पण दर वेळी हे कोण करणार?

शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "सरळ नमुना 6 भर, तिकडचं राहू दे की." असलं काही करू नका. 6 हा पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी. त्यात 'माझं नाव इतर कुठल्याही यादीत नाही' असं लिहून द्यावं लागतं आणि ते खोटं निघालं तर वर्षभराच्या कैदेची तरतूद आहे. पत्ता बदललाय, मतदारसंघ बदललाय, कार्डावर नाव चुकलंय, या सगळ्याला नमुना 8. आधार आणि नोंदणीकृत भाडेकरार जोडला, दहा मिनिटांत ऑनलाइन अर्ज गेला.

पाच आठवड्यांनी ती ओळ आली.

निवडणूक कार्यालयात गेलो. खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "बीएलओंचा रिपोर्ट आहे. परत भरा." बीएलओ म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादीची पडताळणी करणारे कर्मचारी. कोण आले, कधी आले, कोणाला विचारलं? "ते बीएलओंना विचारा." बीएलओ कुठे भेटतील? "फील्डवर." माझ्या मागे एक आजी उभ्या होत्या, त्यांच्या हातात तीच प्रिंट. नामंजुरीवर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, हे खिडकीच्या आत किंवा बाहेर कुणीच सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा विसावा दिवस होता. दुसऱ्यांदा अर्ज भरला. या वेळी गप्प बसलो नाही. मतदार यादीचा भाग क्रमांक माहीत असेल तर बीएलओंचं नाव आणि नंबर निवडणूक आयोगाच्या साइटवर मिळतो. 1950 ला फोन केला तरी सांगतात.

बीएलओ निघाल्या एक अंगणवाडी सेविका. चिडूनच फोन केला होता, पण दोन मिनिटांत माझा आवाज खाली आला.

"दादा, मी दोनदा आले. दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, असं कोणी राहत नाही इथं. पाटीवर पण दुसरंच नाव."

"ताई, ते घरमालक."

"मग मी काय लिहू? अंगणवाडी सुटल्यावर दुपारी फिरते मी, तुम्ही तेव्हा ऑफिसात."

बरोबरच होतं त्यांचं. रविवारी सकाळी यायचं ठरलं. वहीच्या पानावर माझं नाव मोठ्या अक्षरांत लिहून मालकांच्या पितळी पाटीखाली चिकटपट्टीने लावलं, वॉचमनला चहा पाजला, लेटरबॉक्सवरही नाव टाकलं. भाड्याने राहणाऱ्यांनी हे अर्ज भरायच्या आधी करावं. मालकांना कुणीतरी कळवलं असावं, त्यांचा फोन आला: नाव लावलंत, उद्या घरावर हक्क सांगाल. त्यांना समजावलं की यादीतल्या नावाने घराची मालकी मिळत नाही, आणि उलट, नुसतं घर नावावर आहे म्हणून मतदारही होता येत नाही. तिथे सर्वसाधारणपणे राहावं लागतं.

ताई साडेआठला आल्या. करार बघितला, कार्ड बघितलं, रजिस्टरमध्ये घर क्रमांकासमोर बोट ठेवलं आणि थांबल्या. त्या घर क्रमांकावर तीन नावं आधीच होती: मालक, मालकीणबाई, मुलगा. सहा वर्षांपासून बंगळुरूला असलेले तिघेही आमच्या घरात व्यवस्थित 'आढळून' येत होते!

"यांचं काय करायचं?" मी विचारलं.

"तुमचं नाव यादीत आलं की नमुना 7 भरून हरकत घेऊ शकता."

पुढच्या महिन्यात करार नूतनीकरणाला होता. मी गप्प बसलो.

अर्ज मंजूर झाला आणि पोस्टाने नवीन कार्ड आलं. क्रमांक जुनाच, फोटोही जुनाच. पण कार्डावर विसंबून राहू नका, कार्ड असलं आणि यादीत नाव नसलं तर मत देता येत नाही. उमेदवारी अर्ज सुरू व्हायच्या आधीच यादी बघा, नंतर धावाधाव करून उपयोग नाही. अजून एक: तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर घरी परतू नका. ओळख पटवून 'प्रदत्त मत' मागा. ते यंत्रावर नाही, मतपत्रिकेवर देतात, वेगळ्या पाकिटात राहतं, पण तो तुमचा हक्क आहे.

20 नोव्हेंबरला विधानसभेला गेलो. बाहेर टेबलावरच्या कार्यकर्त्याने यादी चाळली, म्हणाला नाव नाही. माझ्या पोटात गोळा. "शेवटची पुरवणी बघा," म्हटलं. नवीन नावं तिथे असतात. सापडलं. घर क्रमांक वाचून तो मागच्या पानावर गेला.

"या घरातले बाकीचे तिघे कधी येणार?"

"ते बंगळुरूला असतात."

"हो का," म्हणत त्याने तिन्ही नावांपुढे पेन्सिलीने बारीक टिंब दिलं.