कातळावरचे बेडूकमासे : आंबोली, तिसरी फेरी

जुलैच्या पहिल्या फेरीत माझं सगळं लक्ष वाहत्या पाण्याकडे होतं. धबधब्याच्या धारेशेजारी तासभर टॉर्च मारला, दिसले चार. दुसऱ्या फेरीपासून धार सोडली आणि लांबून नुसता काळा, चकचकीत दिसणारा कातळ बघायला लागलो. मंडळी तिथेच आहेत, भरपूर.

हे ‘इंडिराना’ या गटातल्या बेडकांचे बेडूकमासे. डबक्यातली गोल पिल्लं पाहायची सवय असेल तर हे आधी ओळखूच येत नाहीत. अंग चपटं, डोळे वर आलेले, शेपटी लांब पण तिचा पडदा जेमतेम, आणि मागचे पाय फार लवकर फुटतात. घाबरले की शेपटी झटकून टुणकन उडतात. २०१४ साली आंबोलीतूनच ‘इंडिराना चिरवासी’ ही जात नोंदवली गेली, म्हणजे कातळाच्या चिरेत राहणारा. पण नुसत्या पिल्लावरून जात ठरवायला मी धजत नाही, वहीत ‘इंडिराना’ एवढंच लिहितो.

मोजायला सुतळीचा अर्ध्या मीटरचा चौकोन वापरतो. आत पाणी कसं आहे त्याचे तीन प्रकार केलेत : ओल (बोट ओलं होतं, पाणी हलत नाही), झिरप (पातळ थर सावकाश सरकतोय) आणि पाट (उघड वाहतंय). बहुतेक पिल्लं झिरपेत सापडतात. थर इतका पातळ की पोट भिजलेलं आणि पाठ उघडी. शेवाळाचा बारीक लेपही तिथेच असतो, तोच ती जबड्याने खरवडून खातात.

खरी मजा या फेरीत आली. रात्री साडेनऊला एका चौकोनात अकरा पिल्लं होती, सगळी झिरपेत. मग वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पाऊस कोसळला आणि वीसेक मिनिटांत तिथे पाट सुरू झाला. मला वाटलं, गेली वाहून. पण हातभर बाजूला, कातळ जिथे थोडा पुढे झुकलाय त्याच्या कडेला, नवी झिरप तयार झाली होती आणि सात पिल्लं तिथे डोकं वर करून चिकटलेली. हीच ती अकरातली का, हे मला सांगता येणार नाही. पण पाऊस येण्याआधी ती कड कोरडी होती आणि तिथे एकही नव्हतं. म्हणून आता जागेपेक्षा पाण्याच्या थराची नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते. झिरप सरकते तशी पिल्लं सरकत असावीत.

उघडीप पडली तेव्हाची नोंद छोटी आहे : झिरप आटून चिरेपुरती उरली, पिल्लं तिथे एकापाठी एक. त्याच चिरेत एक खेकडाही बसलेला. त्याने कोणाला धरलेलं मात्र पाहिलं नाही.

टॉर्चला लाल जिलेटीनचा पारदर्शक कागद लावल्यापासून उड्या कमी झाल्यासारख्या वाटतात. पिल्लं हातात घेत नाही, शेजारी पट्टी धरून फोटो काढतो. आणि एक कळकळीची विनंती : झिरपेच्या कातळावर पाय देऊ नका. शनिवार-रविवारी फोटोसाठी लोक नेमके तिथेच उभे राहतात, पायाखाली काय आहे ते त्यांना दिसतच नाही. बूट दुसऱ्या ओढ्यावरून आणलेत तर आधी धुऊन वाळवा. जागा नेमकी कुठली, ते म्हणूनच लिहीत नाही.

पुढची फेरी सप्टेंबरात. निघताना शेवाळाच्या कडेला एक पिल्लू दिसलं, चारही पाय फुटलेले आणि शेपटी अजून शाबूत. ते ओलीत बसलं होतं, झिरपेबाहेर. पुढच्या वेळी चार पायवाल्यांसाठी वहीत वेगळा रकाना आखतोय.