नारळापासून बनवलेला फेसवॉश सौम्यच असतो का?

मी फेसवॉश-शाम्पूचे फॉर्म्युले करते हे कळलं की घरच्या कार्यातही कुणी ना कुणी मोबाइलवर बाटलीचा फोटो पुढे करतं. "यावर 'नारळापासून बनवलेला' असं लिहिलंय. म्हणजे चेहऱ्याला बाधणार नाही ना गं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, त्या एका ओळीवरून काहीच ठरत नाही. ज्याच्या नावाने सगळे बोटं मोडतात ते सोडियम लॉरिल सल्फेटही बहुधा खोबरेलापासून किंवा पामच्या बियांच्या तेलापासूनच बनतं. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्यापासून मेद-अल्कोहोल करून त्याला सल्फेट जोडलं की हा फेसाळ, कडक पदार्थ तयार. खोबरेलातल्या तशाच अल्कोहोलांना मक्याच्या स्टार्चमधलं ग्लुकोज जोडलं, तर होतं कोको ग्लुकोसाइड. माहेर एकच, स्वभाव दोन टोकांचे. सल्फेटच्या रेणूवर विद्युतभार असतो, तो त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतो आणि धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो. ग्लुकोसाइडवर तसा भार नाही, म्हणून ते कितीतरी सौम्य. फेस मात्र कमी, आणि गिऱ्हाईक फेस बघतं.

यावर पुढचं वाक्य ठरलेलं: "त्यापेक्षा आपला रिठा बरा."

रिठ्याशी माझं वैर नाही. चांदीचे दागिने, लोकरीची शाल खुशाल धुवा. पण त्याच्या सालीत जे सॅपोनिन, म्हणजे फेस करणारं द्रव्य असतं, ते झाड किडी-बुरशीला दूर ठेवायला बनवतं, आपल्या गालांसाठी नव्हे. सॅपोनिन पेशींच्या आवरणातल्या चरबीत घुसतं. म्हणूनच ते रक्तात मिसळलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि पाण्यात फार झालं तर मासे मरतात. न्हाताना रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलंय त्यांना वेगळं सांगायला नको. शिवाय घरी उकळलेल्या काढ्याची तीव्रता दर वेळी वेगळी, आणि दोन-तीन दिवसांत तो आंबतो. शिकेकाई त्या मानाने मवाळ, पण तीही केसांपुरतीच ठेवा.

डाळीच्या पिठाला मात्र मी मानते. पीठ फेस न करताच तेल शोषून घेतं. आपल्याकडे आधी तेल चोळायचं आणि मग उटणं किंवा डाळीचं पीठ लावायचं ही रीत होती, आणि त्यात फार शहाणपण होतं: पिठाला शोषायला तेल असायचं, कण घसरायचे आणि त्वचेचं स्वतःचं तेल बरंचसं जागेवर राहायचं. आता तेल वगळलं जातं. कोरड्या चेहऱ्यावर नुसतं बेसन-लिंबू रोज खसाखसा घासतात आणि नंतर विचारतात, नैसर्गिक असूनही आग का झाली! लिंबू तर मुळीच नको.

बाटली घ्यायचीच असेल तर पुढचं पान-फुलांचं चित्र सोडून मागची यादी वाचा. घटक साधारण उतरत्या क्रमाने येतात. फिनॉक्सिएथेनॉल हे टिकाऊपणासाठीचं रसायन १ टक्क्याच्या मर्यादेत वापरतात. कोरफडीचा किंवा कडुलिंबाचा अर्क त्याच्याही नंतर आला असेल, तर तो त्या टक्क्याच्याही आतच आहे.

आणि हल्ली बरेच जण कच्चा माल मागवून घरीच फेसवॉश करतात, त्यांच्यासाठी: कोको ग्लुकोसाइडच्याच जातीचं डेसिल ग्लुकोसाइड सौम्य म्हणून तसंच पाण्यात कालवू नका. त्याचा सामू (pH) ११च्या वर असतो, सायट्रिक आम्ल घालून तो ५.५च्या आसपास आणावा लागतो. सौम्य म्हणजे सगळ्यांना मानवेल असंही नाही. कोको, डेसिल ही ज्या गटातली, त्या अल्किल ग्लुकोसाइडना अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने २०१७ साली 'वर्षातला ॲलर्जीकारक पदार्थ' ठरवलं होतं. नवी बाटली आणली की आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुऊन बघा. खाज किंवा पुरळ आली, तर ती हात धुवायला ठेवण्याचाही मोह नको.