न रडणारी

"हिला पाळण्यात ठेव गं, ही गुणाची आहे, रडायची नाही," असे वहिनी आज सकाळी सहज म्हणाली. मी भाचीच्या जुळ्या मुलींपैकी थोरलीला ठेवले आणि कळवळून रडणाऱ्या धाकटीला घेतले. त्या बोलण्यात कोणाला लागावे असे काही नव्हते. तरीही दुपारी लंगोट वाळत घालताना तेच मनात घोळत होते, आणि सगळे निजल्यावर लिहायला बसले आहे तेव्हाही ते मनातून जात नाही.

दोघींचा जन्म पस्तिसाव्या आठवड्यातला, चार मिनिटांच्या अंतराने झालेला. थोरली 2 किलो 300 ग्रॅम भरली, धाकटी जेमतेम 1 किलो 800. धाकटीला काही दिवस काचपेटीत ठेवावे लागले, त्यामुळे ती घरी आल्यापासून सगळ्यांचा जीव तिच्या वजनाच्या आकड्यात अडकला आहे, आणि ते योग्यच आहे. भाची तिचे झबले काढून, लंगोट आणि टोपडे तेवढे ठेवून, तिला उघड्या छातीशी धरते आणि वरून शाल गुंडाळून तासन्‌तास बसते. काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरातल्या डॉक्टरांनी आईच्या अंगाच्या उबेचा हा मार्ग धरला, आणि आज तो आमच्या सांगलीच्या घरात चालू आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. मात्र त्याच खोलीत थोरली पाळण्यात डोळे उघडे ठेवून पडलेली असते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण "किती शहाणी आहे!" असे म्हणून पुढे जातो.

रडणे ही भुकेची शेवटची खूण असते, हे रुग्णालयातल्या परिचारिकेने आम्हाला बजावून सांगितले होते. त्याआधी मूल ओठ हलवते, गालाला काही लागले की तिकडे तोंड वळवते, मूठ तोंडाकडे नेते. दिवस भरण्याआधी जन्मलेली मुले कधीकधी भुकेनेही जागी होत नाहीत, म्हणून त्यांना दोन-तीन तासांनी उठवून पाजायचे असते. हे सगळे घरात प्रत्येकाला पाठ आहे. तरी आज दुपारी मी पाळण्यापाशी बसले होते तेव्हा थोरलीचे ओठ मिटत-उघडत होते. तिची मूठ हनुवटीपर्यंत येई, तोंड चुकवून कानाकडे जाई आणि पुन्हा खाली पडे. तिने असे कितीतरी वेळा केले. आवाज काही काढला नाही, आणि मग ती झोपून गेली. मी भाचीला हाक मारून तिला उठवून पाजायला लावले. वेळा लिहून ठेवायच्या वहीत धाकटीचा रकाना गच्च भरलेला आहे, थोरलीच्या रकान्यात मात्र मधूनमधून "झोपली होती" एवढाच शेरा दिसतो.

धाकटी रुग्णालयात असल्यामुळे लांबलेल्या बारशातही हेच झाले. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बायका दोघींना पाळण्याच्या वरून-खालून देऊ लागल्या, तेव्हा धाकटीने टाहो फोडला आणि ती लगेच आईकडे गेली. थोरली मात्र ओळखीच्या-अनोळखी हातांतून फिरत राहिली. सगळ्यांनी तिचे कौतुक केले. तेव्हा मीही केले.

दादाला लहानपणी दम्याचा त्रास होता. आईच्या रात्री त्याच्या उशाशी जात आणि मी आजीपाशी निजे. मला कोणी कधी रागावले नाही, कारण रागवावे असे मी काही केलेच नाही. ताप आला तरी मी सांगत नसे, कारण घरात आधीच एक आजारी आहे हे मला न सांगता कळत होते. पुढेही तसेच होत गेले. माझ्या लग्नाच्या वेळी, नंतर बाबांच्या आजारपणात, हिचे काय, ही निभावून नेईल, असेच सगळ्यांनी धरले. त्याबद्दल आता लिहीत नाही. पण जी मागत नाही तिला नकोच असते, असे आपण किती चटकन ठरवून टाकतो! आणि तेही महिन्या-सव्वा महिन्याच्या जिवाच्या बाबतीत!

काल मध्यरात्रीनंतर मला जाग आली तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसली होती. गुडघ्याला पट्टा बांधलेला, मांडीवर धाकटी. काढून ठेवलेले दूध ती वाटी-चमच्याने थेंबाथेंबाने पाजत होती, आणि पाळण्याची दोरी तिने पायाच्या अंगठ्यात अडकवलेली होती. हात धाकटीकडे आणि पाय थोरलीकडे. थोरली निजलेली होती, तिला हे कळणे शक्यच नव्हते. काल ते मी नुसते पाहिले, आज मात्र लिहिता लिहिता वाटते की मी आजीच्या कुशीत गाढ झोपलेली असताना आईही रात्री केव्हातरी उठून माझ्या कपाळाला हात लावून जात असेल. मला ते कोणी सांगितले नाही आणि आता विचारायला आई नाही. पण वहिनीचा तो पाय पाहिल्यानंतर सकाळच्या बोलण्याचा राग मला धरवत नाही. माणसे चार असली तरी हात कमीच पडतात, आणि जी रडते तिच्याकडे ते आधी जातात.

थोरलीचे मात्र मी सोडणार नाही. एका वेळी आधी थोरलीला पाजावे, पुढच्या वेळी आधी धाकटीला, असे मी संध्याकाळी भाचीला सुचवले आणि तिला ते पटले. वहिनीचे म्हणणे वेगळे आहे. धाकटी अडीच किलोची होईपर्यंत पहिला मान तिचाच, असे ती म्हणते, आणि तिचे तरी काय चुकते? या आठवड्यात दीड महिन्याच्या लसी आहेत. जन्म लवकर झाला तरी लसींचे दिवस जन्मतारखेपासूनच मोजायचे असतात, त्यामुळे दोघींना घेऊन जायचेच आहे आणि तिथे वजनही होईल. गेल्या खेपेला धाकटीला शंभर ग्रॅम कमी पडले होते.