दोन्ही ट्वीटर बंद होते

फोन सुनेचा होता. "बाबांचा ॲम्प्लिफायर सारखा फ्यूज उडवतोय. दुकानात दोनदा देऊन झाला. गाणं बंद असलं की बाबांचं जेवणातही लक्ष लागत नाही हो." दुसऱ्याच दिवशी सकाळी मी नारायण पेठेत पोहोचलो.

काकांचं वय ८१. सगळी हयात हार्मोनियमच्या पेट्या जुळवण्यात गेली. पितळी सूर, म्हणजे पेटीतली आवाज काढणारी पट्टी, कानशीने टोकाला घासला की स्वर चढतो, बुडाशी घासला की उतरतो, या एवढ्याशा घासण्यावर त्यांनी घर चालवलं. खोली दहा बाय अकरा. पलंग, कोनाड्यात पेटी, भिंतीलगत रेकॉर्ड, टेबलावर ऐंशीच्या दशकातला देशी ॲम्प्लिफायर. चॅनेलला २० वॅट, आत '३०५५' जातीचे ट्रान्झिस्टर. अशा यंत्रांवर माझा जीव आहे. सर्किटचं रेखाटन साधं, सुटे भाग आजही पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत मिळतात, आणि नीट वापरलं तर मरत नाही.

झाकण काढलं आणि डोकं फिरलं. दोन अँपिअरच्या फ्यूजच्या जागी एका बाजूला साडेसहाचा, दुसऱ्या बाजूला चक्क तांब्याची तार गुंडाळलेली. फ्यूज उडतो म्हणून फ्यूजच मोठा घालायचा आणि पैसे घेऊन गिऱ्हाईक परत पाठवायचं. घरात म्हातारा माणूस एकटा असतो, दुपारी तिथेच झोपतो. आमच्या धंद्यातल्या अशा माणसांना मी कारागीर म्हणत नाही. ट्रान्झिस्टरला जोडलेले पांढरे सिमेंटचे रेझिस्टर भाजून तपकिरी झाले होते. ट्रान्झिस्टर मात्र शाबूत. म्हणजे यंत्र निर्दोष होतं, त्याच्यावर ओझं जास्त पडत होतं.

ओझं म्हणजे स्पीकर. जुने लाकडी खोके मोठे, म्हणून वर्षापूर्वी घरच्यांनी नवे आणले होते, वीतभर रुंदीचे, दिसायला देखणे. दुकानदाराने सांगितलं होतं, "शंभर वॅटचे आहेत, तुमच्या वीस वॅटच्या ॲम्पने यांना काही होणार नाही." हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय. स्पीकरवरचे वॅट म्हणजे तो किती सोसेल त्याचा अंदाज. तो किती मागेल, हे त्यात कुठेच नसतं. ते कळायला दोन आकडे बघावे लागतात, आणि ते कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतात.

पहिला आकडा संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वीज दिली की स्पीकर किती मोठा वाजतो ते. या जोडीची ८४ डेसिबल, पण २.८३ व्होल्टला मोजलेली. ८ ओहमच्या स्पीकरवर २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, ४ ओहमच्या स्पीकरवर तेच २ वॅट. हा स्पीकर ४ ओहमचा, म्हणजे एका वॅटला खरा आकडा ८१. दुसरा आकडा इम्पिडन्स, म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो ते, आणि तोही सरासरीचा नव्हे, सर्वांत खालचा. मी लॅपटॉप जोडून आलेख काढला तर एका जागी तो ३.१ ओहमपर्यंत खाली आलेला. मानक सांगतं की लिहिलेल्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांखाली जाऊ नये. इथे ३.२ ची मर्यादा ओलांडलेली, आणि ॲम्पच्या पाठीवर तर स्पष्ट छापलंय, "८ ओहम". दुप्पट करंट द्यायचा ट्रान्सफॉर्मर त्या ॲम्पमध्ये कधी बसवलेलाच नव्हता.

इथवर प्रकरण रोजचंच. मग मी जाळी काढून एकेका स्पीकरला कान लावला.

ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर, मुका होता. दुसरीकडे गेलो, तोही मुका. मीटर लावला, दोन्ही कॉइल तुटलेल्या. ॲम्प धापा टाकायला लागला की लहरींचे माथे कापले जातात, त्यातून वरच्या पट्टीतली जास्तीची ऊर्जा तयार होते आणि ती सगळी त्या केसाएवढ्या कॉइलवर जाते. म्हणून "लहान ॲम्प, मोठा स्पीकर, भीती नाही" या समजुतीवर ट्वीटर जळतात. त्यात वरची पट्टी वाढवणारं ट्रेबलचं बटन उजवीकडे शेवटपर्यंत फिरवलेलं. या यंत्रात तिथे दहा डेसिबलची वाढ मिळते, म्हणजे त्या पट्टीत दहापट शक्ती.

"काका, ट्रेबल इतका का ठेवता?"

"अरे, तबल्याची चाट ऐकू येत नाही त्याशिवाय. नवीन रेकॉर्डिंगं मऊच असतात."

समोर लावलेली रेकॉर्ड साठच्या दशकातली होती. आणि त्या क्षणी स्पीकरमधून चाट, तबल्याच्या काठावरचा तो खणखणीत आवाज, येतच नव्हती, नुसता थुप्प आवाज येत होता. काकांनी ती कित्येक महिने अशीच ऐकली होती. त्यांनी तक्रार केली ती फ्यूजची. आवाजाची केलीच नाही.

मी गप्प राहिलो, आणि स्पीकर बघतो म्हणालो.

त्यांचा अमेरिकेतला पुतण्या "एलएस३/५ए घ्या" म्हणत होता. बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावावा म्हणून हा लहान स्पीकर घडवला. माणसाचा गळा त्याच्यावर फार खरा येतो हे मान्य. मूळचा तो १५ ओहमचा, त्यामुळे करंट थोडाच ओढतो. पण संवेदनशीलता ८३ च्या आसपास, आणि ८ ओहमला २० वॅट देणारा ॲम्प १५ ओहमला जेमतेम दहा-अकरा देतो. लहान स्पीकर म्हणजे चालवायला हलका, असं लोक धरून चालतात. बहुतेक वेळा उलटंच असतं. लहान खोका, खोल खर्ज आणि वॅटमागे जास्त आवाज, या तिन्हीतली दोनच मिळतात. 'केएलएच' या अमेरिकन स्पीकर कंपनीतल्या हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो आणि त्याला पळवाट नाही. दुकानात डोळे दिपतात ते पहिल्या दोन गोष्टींनी, किंमत मोजतो तो बिचारा ॲम्प.

काकांना खोल खर्ज कशाला हवा होता? तानपुरा, गळा, पेटी, तबला. डग्ग्याची घुमक भिंत सांभाळते, स्पीकर भिंतीजवळ ठेवला की खालचा आवाज आपोआप भरतो. म्हणून मी बंद खोक्याची जोडी निवडली. खालचे आवाज काढणारा साडेसहा इंची वूफर, उंची फूटभर, ८९ डेसिबल, ८ ओहम. ती घरी आणून आधी स्वतः मोजली, ६.६ च्या खाली गेली नाही. हिशेब असा: एका वॅटमागे ८१ ऐवजी ८९, म्हणजे आठ डेसिबलचा फायदा, जिथे आधी १८ वॅट लागत तिथे आता तीन. फ्यूज पुन्हा दोन अँपिअरचे घातले, रेझिस्टर बदलले.

रेकॉर्ड लावली. चाट खणखणीत आली, मला. काकांनी थोडा वेळ ऐकलं, उठले आणि ट्रेबल शेवटपर्यंत नेला. "आता बरं." मग त्यांचा चेहरा बदलला. पेटी ओढली, काळी एक दाबून धरली.

"ही चढी आहे रे."

मला काहीच जाणवत नव्हतं. पिशवीतला निऑनचा दिवा लावला, पन्नास हर्ट्झच्या विजेसाठी १८० रेघांची चकती तबकडीवर ठेवली. ३३⅓ चा वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. त्या सरकत होत्या, सेकंदाला एक रेघ पुढे. म्हणजे एक टक्का वेग जास्त, पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा सहावा हिस्सा. मध्यंतरी कुणीतरी तबकडी फिरवणारा रबरी पट्टा बदलला होता. काकांनी पेटीच्या एका सुरावरून तो फरक पकडला.

हाच माणूस, हेच कान. वयाने वरची पट्टी आधी जाते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण स्वराचं घर खालच्या आणि मधल्या पट्टीत असतं आणि तिथे काकांच्या कानात तसूभरही फरक पडलेला नव्हता.

जिना उतरताना सुनेने विचारलं, "दोन्ही ट्वीटर बंद होते म्हणता, मग बाबांना कळलं कसं नाही?"

"जुना ॲम्प होता ना, आवाज आधीपासूनच मऊ होता," मी म्हणालो. हे खोटं होतं आणि ते माझ्या तोंडून सहज निघालं. ती माझं काम बघून खूश होती. वर काकांनी पेटीवर हलकेच सूर धरला होता, जिन्यातून ऐकू येत होता.

दोन महिने झाले, फ्यूज उडालेला नाही. तो स्पीकर त्यांच्या ट्रेबलच्या बटनासकट टिकेल हे मी बघितलंच होतं, म्हणून तर तो निवडला. पण कानाला लावायचं यंत्र त्यांना उपयोगी पडलं असतं. एखाद्या पेटी जुळवणाऱ्याला, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही," हे कुठल्या शब्दांत सांगतात, ते मला अजून सापडलेलं नाही. आणि न सांगणं हा माझा अधिकार होता का, तेही ठरत नाही.

योग्य मापाचा पट्टा कालच आला. गुरुवारी बसवायला जातोय. सूनबाईंना त्या वेळी घरी थांबायला सांगितलंय.