टाऊ बीटा पाय आणि अडकलेले तीन क्रेडिट

मेकॅनिकलमध्ये एमएस करायला अमेरिकेत आलो तेव्हा टाऊ बीटा पाय हे नावही मी ऐकलं नव्हतं. इंजिनिअरिंगच्या हुशार विद्यार्थ्यांची ही मानाची संस्था, १८८५ साली लिहाय विद्यापीठात सुरू झालेली. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असाल तर वर्गातल्या वरच्या एक अष्टमांशात नाव लागतं, शेवटच्या वर्षाला एक पंचमांशात. एमएसवाल्यांचा निम्मा अभ्यासक्रम झालेला हवा. शिवाय वरच्या पंचमांशात नंबर हवा, नाहीतर कामाबद्दल एखाद्या प्राध्यापकाची लेखी ग्वाही.

माझे तीसपैकी पंधरा क्रेडिट झाले होते, म्हणजे बरोबर निम्मे. तरी पात्र विद्यार्थ्यांच्या यादीत माझं नाव नाही. चॅप्टरची, म्हणजे संस्थेच्या आमच्या विद्यापीठातल्या शाखेची, सेक्रेटरी म्हणाली, यादी कॉलेजच्या ऑफिसातून येते, तिथे विचार. तिथे कळलं की माझे बाराच क्रेडिट दिसताहेत. एका कोर्सचा ग्रेड सरांनी भरलाच नव्हता आणि त्या जागी ‘आय’ होता, म्हणजे अपूर्ण. अहो, शेवटचा प्रोजेक्ट मी मुदतीच्या दोन दिवस आधी दिला होता!

पुढचे अकरा दिवस आठवले की अजून डोकं तापतं. ऑफिस म्हणे रजिस्ट्रारकडे जा. रजिस्ट्रार म्हणे प्राध्यापकांनी फॉर्म भरायला हवा. सर सहा महिन्यांच्या रजेवर दुसऱ्या शहरात. त्यांचं उत्तर पाचव्या दिवशी आलं: फॉर्म विभागाकडे पाठवलाय. विभागात विचारलं तर फॉर्म आला होता, पण सेमिस्टरचा रकाना रिकामा म्हणून परत गेला होता, आणि हे मला कोणी कळवलंच नव्हतं. प्रत्येक खिडकीवर हसून ‘आम्ही कळवतो’. गाइडने ग्वाहीचं पत्र एका दिवसात दिलं, पण निम्म्याची अट त्याने सुटत नाही. चॅप्टरची मुदत शुक्रवारी संपत होती.

बुधवारी मी सगळे ईमेल तारखेप्रमाणे छापले, प्रोजेक्ट जमा केल्याची पावती वर लावली आणि विभागाच्या कोऑर्डिनेटर बाईंसमोर जाऊन बसलो. त्यांनी तिथूनच सरांना फोन लावला. वीस मिनिटांत काम झालं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही सेमिस्टर संपल्यावर आठवड्याभरात ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, उघडून बघाच, आणि ‘आय’ दिसला तर ईमेलवर थांबू नका, समोर जाऊन उभे राहा.

फी एकदाच भरायची, सदस्यत्व आयुष्यभराचं. आई फोनवर म्हणाली, ‘पैसे मागतायत ना, मग नीट चौकशी कर रे.’ बरोबरच होतं तिचं. असल्या नावांची पत्रं कुठून कुठून येतात, तेव्हा बोलावणं आपल्याच कॅम्पसच्या चॅप्टरचं आहे ना, ते आधी बघा.

आमच्या चॅप्टरात नव्या सदस्याला पितळेचा एक ओबडधोबड ओतीव तुकडा देतात, तो घासून चकचकीत करायचा. त्याला ‘बेंट’ म्हणतात. रेल्वेच्या जुन्या पुलांखाली जी उभी चौकट असते तिचा तो आकार, आणि तेच संस्थेचं चिन्ह. आधी कानस, मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग बारीक, आणखी बारीक. तीन रात्री घासलं, नखांत काळी पूड बसली. तरी कोपऱ्यात एक करडा डाग राहिलाच. मग आईने देवाच्या निरांजनासाठी दिलेली पितांबरी आठवली. चिमूटभर घेऊन ओल्या फडक्याने चोळली आणि डाग गेला. फोटो पाठवला तर बाबांनी तो गल्लीभर दाखवला.